तळं उजव्या हाताला



खूप दिवसांनी लिहायला बसले आहे. मधे डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग पावसाळा, मग पाहुणे... वर्गात मुलांची कारणं मी कधी ऐकून घेतली नाहीत, तेव्हा माझीही पुरे.

आजच्या लिहिण्याला निमित्त झालं भाच्याचं. मागच्या रविवारी तो जेवायला आला होता. जेवणानंतर मी त्याला जर्मनीतले फोटो दाखवले. लेक आणि जावई स्टुटगार्टला असतात. २०२३ च्या सप्टेंबरात मी त्यांच्याकडे होते, तेव्हा आम्ही बोडनझे नावाच्या तळ्याभोवती सायकलवरून फिरलो होतो. त्या वेळी मी बाहत्तर वर्षांची होते. फोटो बघून भाचा म्हणाला, "मावशी, आपल्या कोयनेच्या शिवसागराभोवती असा सायकल मार्ग केला तर पर्यटन काय वाढेल!"

मी "हो ना" म्हटलं आणि त्याच्यापुढे सुपारीचा डबा सरकवला. पण रात्री झोप लागेना. छत्तीस वर्षं शिकवण्यात गेली, त्यामुळे खोड अशी की एखादं उत्तर पटलं नाही की वर्ग सुटल्यावरही ते डोक्यात घोळत राहतं. भाच्याचं म्हणणं चुकीचं नाही. पण त्या तळ्याकाठी मी जे पाहिलं ते त्याला फोटोंत दिसलं नाही, आणि तो दोष त्याचा नाही, फोटोंचा आहे. म्हणून हे लिहिते.

आधी तळ्याविषयी. तळं म्हणायचं आपलं, नाहीतर ५३६ चौरस किलोमीटर पाणी आहे ते. लांबी ६३ किलोमीटर, सगळ्यात खोल जागी अडीचशे मीटर. ऱ्हाईन नदी एका टोकाने आत येते आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडते. काठावर जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड असे तीन देश. गंमत अशी की तळ्याच्या मोठ्या भागात पाण्यातून सीमा नेमकी कुठून जाते यावर या तिघांचं आजवर एकमत नाही आणि त्यावाचून कुणाचं अडलेलंही नाही! आपल्याकडे बांध वीतभर सरकला तर दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. असो.

या तळ्याभोवती सुमारे २६० किलोमीटरचा सायकल मार्ग आहे. तरुण पोरं तो चार दिवसांत संपवतात, रमतगमत जाणारे आठवडा घेतात. तिकडे वाहनं रस्त्याच्या उजवीकडून चालतात. त्यामुळे तळं उजव्या हाताला ठेवून निघालं की आपण पाण्याच्या बाजूला राहतो. बहुतेक लोक म्हणूनच घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात. नात मला हे नकाशावर बोट ठेवून समजावत होती. मी म्हटलं, "अगं, मला काय सांगतेस! प्रदक्षिणा अशीच घालतात, देव उजव्या हाताला. नर्मदेची परिक्रमा करणारेसुद्धा नदी उजव्या हाताला ठेवूनच चालतात." तिला ते फार आवडलं. मग दर वळणावर "आजी, उजव्या हाताला!" असा पुकारा सुरू झाला.

इथे एक खुलासा करायला हवा, कारण नातेवाइकांच्या ग्रुपवर 'बाहत्तराव्या वर्षी तळ्याची पूर्ण प्रदक्षिणा' असं काहीबाही फिरलं. मंडळी, मी पूर्ण फेरी मारलेली नाही. पूर्ण फेरी मारली जावयांनी. मी मारल्या शंभरेक किलोमीटर, त्याही पाच दिवसांत आणि बॅटरीच्या सायकलवर. ही सायकल स्कूटरसारखी आपोआप पळत नाही. पायडल मारलं तरच मोटर हात देते, आपण थांबलो की तीही थांबते. चांगल्या विद्यार्थ्याला शिक्षकाने मदत करावी तशी. मधली दांडी खाली असलेली, म्हणजे आपली लेडीज सायकल. मी सलवार कमीज घातली होती, पायात नेहमीच्या चपलांऐवजी लेकीचे बूट.

कॉन्स्टान्स या गावातून निघालो. पहिल्या टप्प्यात चढ आहेत, म्हणून जावई एकटे वळसा घालून गेले. आम्ही तिघी फेरीबोटीत सायकली चढवून पाव तासात पलीकडच्या मेर्सबुर्गला उतरलो. तिथून फ्रीडरिक्सहाफेन. १९०० साली झेपेलिनचं पहिलं विमान, म्हणजे तो सिगारच्या आकाराचा प्रचंड फुगा, याच गावाजवळ तळ्यावरून उडाला होता. मग लिंडाउ. तिथल्या बंदराच्या तोंडाशी एका बाजूला दगडी सिंह आणि दुसऱ्या बाजूला दीपस्तंभ आहे, दोन्ही १८५६ चे. मग सीमा ओलांडून ऑस्ट्रियातलं ब्रेगेन्त्स. ती ओलांडताना मला कळलंसुद्धा नाही. पाण्यावर तरंगतं वाटणारं एक भलंमोठं रंगमंच तिथे आहे, त्यावर उन्हाळ्यात ऑपेरा होतात. ब्रेगेन्त्सनंतर गुडघ्याने निषेध नोंदवला. थोडा भाग मी आगगाडीने गेले आणि रोर्शाखपासून स्वित्झर्लंडच्या काठाने पुन्हा सायकलवर, आर्बोन, रोमान्सहोर्न करत परत कॉन्स्टान्सला. उजवीकडे पाणी, डावीकडे सफरचंदांनी वाकलेली झाडं, मागे आल्प्स. फोटो छान आले यात नवल नाही.

पण मी जे बघत होते ते वेगळंच होतं.

मी बघत होते की या रस्त्यावर आहे कोण? प्रवासी होतेच, पिशव्या लटकवलेले, हेल्मेटवाले. पण पाठीवर मुलाला बांधलेली आई होती. माझ्याहून म्हाताऱ्या एक बाई होत्या, टोपलीत पाव आणि भाजी घेऊन घरी निघालेल्या. सहासात वर्षांचा एक मुलगा पुढे आणि बाप मागे असे जात होते. सायकलच्या मागे त्याचं केशरी निशाण फडफडत होतं. आणि रोमान्सहोर्नच्या पुढे एका सकाळी, पाठीवर दप्तरं घेतलेल्या मुलींचा घोळका आम्हाला मागे टाकून गेला. स्वित्झर्लंडच्या त्या भागातल्या शाळा तेव्हा सुरू झाल्या होत्या. बारातेरा वर्षांच्या पोरी, मोठमोठ्याने हसत, एकीचं दोन्ही हात सोडून सायकल चालवणं चाललेलं. कुणी मोठं माणूस बरोबर नव्हतं.

मी थांबले. लेकीला वाटलं गुडघा दुखतोय. मी तिला तसंच वाटू दिलं.

आता जरा मागचं सांगते. मी सायकल शिकले ती तासावर भाड्याने मिळणाऱ्या पुरुषी सायकलवर, दांडीखालून पाय घालून. बी.ए. झाले आणि १९७३ साली शाळेत लागले तेव्हा थोरल्या भावाने मला लेडीज सायकल घेऊन दिली. पाचवारी साडीत, कासोटा न घालता, निऱ्या चिमट्याने बांधून मी रोज चार किलोमीटर जात असे. सुरुवातीला गावात लोक थांबून बघत. मग बघेनासे झाले. मग हळूहळू वाड्यावस्त्यांवरच्या मुली सायकलवरून शाळेत येऊ लागल्या. त्याचं श्रेय मी मनातल्या मनात थोडं घेत असे, खोटं कशाला बोलू?

१९९८ च्या सुमारास आमच्या गावचा रस्ता रुंद झाला. गुळगुळीत डांबर, मधे पांढरे पट्टे, आम्हाला अभिमान वाटला. रस्ता रुंद झाला म्हणजे गाड्यांचा वेग वाढला आणि कडेची मातीची पायवाट गेली. त्याच वर्षी आठवीतल्या एका मुलाला ट्रकने उडवलं. मुलगा वाचला, पाय मात्र कायमचा अधू झाला. पुढच्या आठवड्यात पालक सभा झाली. मी तेव्हा पर्यवेक्षिका होते. मी उभी राहिले आणि म्हणाले, "मुलींना तरी सायकलवर पाठवू नका. काही झालं तर आयुष्याचं नुकसान होईल."

'मुलींना तरी' हे माझेच शब्द. मी, जिने साडीत सायकल चालवली.

पाच किलोमीटरवरच्या वस्तीतली एक मुलगी होती. नाव लिहीत नाही. नववीत होती, गणित उत्तम, अक्षर मोत्यासारखं. एस.टी. तिच्या वस्तीपर्यंत येत नव्हती. वडिलांनी माझं ऐकलं, सायकल बंद केली. दोन महिने ती चालत आली, मग येईनाशी झाली. दोन वर्षांनी तिचं लग्न झाल्याचं कळलं. मी घरी जाऊन वडिलांना भेटायला हवं होतं. गेले नाही. मनाची समजूत घातली की मी जे सांगितलं ते काळजीपोटी सांगितलं. काळजीपोटी सांगितलं हे खरंच आहे. म्हणूनच तर ते बोचतं.

त्या सकाळी तळ्याकाठी उभी असताना मला प्रथमच लख्ख कळलं की सभेत मी चुकीच्या आरोपीला शिक्षा दिली. गुन्हा रस्त्याने केला होता, आणि मी मुलींना घरी बसवलं. रस्त्याला कुणी जाब विचारला नाही. मीसुद्धा नाही.

तिकडचं सगळं गोड आहे असं सांगायला मी बसलेली नाही. तळ्याचा काठ सगळीकडे खुला नाही. कित्येक ठिकाणी श्रीमंतांचे बंगले आणि हॉटेलं पाण्याला पाठीशी घालून उभी आहेत, तिथे सायकलवाल्यांना आत वळसा घ्यावा लागतो. उत्तर काठावर काही अंतर मोठ्या रस्त्याच्या कडेने जावं लागतं, गाड्यांच्या आवाजाने डोकं उठतं. सुट्टीच्या दिवशी गर्दी इतकी की चालणारे आणि सायकलवाले एकमेकांवर खेकसतात. एक आजोबा माझ्यावरही खेकसले. जर्मन येत नसल्यामुळे अपमान झाला नाही.

पण दोन गोष्टी मला पटल्या. पहिली शिक्षणाची. नात चौथीत असताना तिच्या शाळेत सायकलची परीक्षा झाली. पोलीस येऊन शिकवतात, आधी लेखी आणि मग प्रत्यक्ष रस्त्यावर. हात कधी दाखवायचा, मागे कसं बघायचं. आठ वर्षांखालच्या मुलांनी सायकल पदपथावरूनच चालवायची असा तिथे कायदाच आहे, दहा वर्षांपर्यंत तशी मुभा आहे. म्हणजे मुलाचं वय वाढेल तसा रस्ता त्याला थोडाथोडा देत जायचा. आम्ही मुलांना 'जपून जा' एवढंच सांगितलं. ते काही शिक्षण नव्हे.

दुसरी गोष्ट रस्त्याची. मला वाटत होतं एवढा मार्ग बांधायला कुबेराचं भांडार लागलं असेल. निरखून पाहिलं तर त्यातला कितीतरी भाग शेतरस्त्यांचा आहे. सफरचंदांच्या आणि द्राक्षांच्या बागांमधून जाणाऱ्या अरुंद वाटा. तिथे शेतकऱ्याचा ट्रॅक्टर चालतो, सायकली चालतात, इतर गाड्यांना मनाई. कोपऱ्यावर बाण काढलेली छोटी पाटी. कितीतरी मैल मी एवढंच पाहिलं. एक ट्रॅक्टर मागून आला तेव्हा मी सवयीने गवतात उतरले. त्याने वेग कमी केला, मला पुन्हा रस्त्यावर येऊ दिलं आणि मग गेला.

आणखी एक. लेकीच्या शहराच्या मोठ्या भागात नळाला जे पाणी येतं त्यात या तळ्याचं पाणी असतं. १९५८ पासून काठावरच्या झिपलिंगेन गावाजवळ ६० मीटर खोलीवरून ते उपसतात, डोंगरावर चढवतात आणि नळांतून उत्तरेकडे पाठवतात. सुमारे चाळीस लाख माणसं ते पितात. मधल्या काळात सांडपाण्याने आणि साबणाच्या फॉस्फरसने हे तळं बिघडत चाललं होतं. काठावरच्या देशांनी १९५९ मध्ये एकत्र आयोग नेमला, गावोगावी सांडपाणी शुद्ध करण्याची सोय केली आणि काही दशकांनी पाणी पुन्हा निवळलं. मला यात एक क्रम दिसतो. तळं आधी पिण्याचं, मग बघण्याचं. रस्ताही तसाच, आधी तिथल्या माणसांच्या जाण्यायेण्याचा, मग पाहुण्यांच्या सहलीचा. पाहुणे येतात ते म्हणूनच. जिथे गावची म्हातारी बिनघोर सायकल चालवते तिथे परदेशी म्हातारीलाही चालवावीशी वाटते.

म्हणून भाच्याला माझं उत्तर असं: बाळा, शिवसागराभोवती रस्ता हवा असं म्हणण्याआधी वस्तीपासून शाळेपर्यंतचे पाच किलोमीटर माग. तळ्याभोवतीचा रस्ता म्हणजे काय, गावागावांतल्या अशा पाच किलोमीटरांची माळच आहे. मणी नसताना माळ कसली ओवतोस?

"तिकडे पैसा आहे हो बाई," असं माझे एक जुने सहकारी म्हणतात. आहे, कबूल. पण आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. आपल्याकडे पाणंद रस्ते आहेत, पाटाच्या कडेच्या वाटा आहेत. पाणंदी दुरुस्त करायला सरकारच्या योजनाही आहेत. मानव विकास कार्यक्रमातून अनेक तालुक्यांत मुलींना सायकली मिळतात, बिहारने २००६ मध्ये ते मोठ्या प्रमाणावर सुरू केलं. उत्तमच आहे. पण आपण सायकल देतो आणि रस्ता देत नाही. पाटी दिली आणि पेन्सिल दिली नाही, असं झालं हे.

रस्ता चांगला की वाईट हे ठरवायची माझी कसोटी आता एकच आहे. त्यावरून गाडी किती वेगाने जाते, ही नव्हे. त्यावरून बारा वर्षांची मुलगी एकटी जाऊ शकते का? सत्तरीची बाई जाऊ शकते का? जाऊ शकत नसतील तर तो रस्ता कितीही रुंद असो, नापास.

हे सगळं मी इतक्या तावातावाने का लिहिते आहे, तेही सांगते. गेल्या दिवाळीत बाजारात एक बाई समोर येऊन उभी राहिली. "बाई, वळखलं न्हाई का?" आवाजावरून नाही, पण हसण्यावरून ओळखलं. तीच. आता चाळिशीची, केसांत रुपेरी झाक. मी काय बोलावं ते सुचेना. तिने वाकून नमस्कार केला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, "बाई, धाकटी आठवीत हाय. शाळेत कुणी देणगीदारानं सायकली दिल्या, तिलाबी मिळाली. पडवीत ठिवलीय. तिचं वडील म्हंत्यात, रस्ता बघितलास का? तुमीच सांगा बाई, पाठवू का नको?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, हे मी पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं आहे. तिला खरंच विचारायचं होतं. पंचवीस वर्षांनंतरही तिच्या लेखी मी विचारण्याजोगी बाईच होते.

मी 'पाठव' म्हणू शकले नाही. 'नको पाठवू' तर आता मरेपर्यंत म्हणणार नाही. मी म्हटलं, "आधी रस्ता बघून येते. मग सांगते."

आणि गेले. डांबरी रस्ता टाळून तिच्या वस्तीपासून शाळेच्या मागच्या फाटकापर्यंत पाटाच्या कडेने एक वाट जाते. भाच्याने मला स्कूटरवर मागे बसवून नेलं, अर्ध्यात स्कूटर ठेवून आम्ही चालत गेलो. दोन ठिकाणी पावसाने वाट खचली आहे, एका ओढ्यावर फरशी नाही, आणि एका शेतकऱ्याने काटेरी कुंपण वाटेवर सरकवलं आहे. बाकी वाट चांगली आहे. बाभळीची सावली आहे, आणि शाळेकडे जाताना पाट उजव्या हाताला येतो.

तीन अडचणी. मी त्या अर्जात लिहिल्या आणि अर्ज संबंधित कार्यालयात दिला. पोच घेतली, दोनदा स्मरणपत्र दिलं. कुंपणवाला शेतकरी माझाच विद्यार्थी निघाला. त्याच्या घरी चहाला जाऊन आले, कुंपण हात-दोन हात मागे गेलं. उरल्या दोन. खचलेल्या जागी मुरूम टाकायला गावातली पोरं तयार आहेत. फरशीचं घोडं अडलं आहे.

त्या मुलीला मी अजून उत्तर दिलेलं नाही. सायकल पडवीत आहे. दर आठपंधरा दिवसांनी मी तिच्या आईला फोन करते आणि एवढंच सांगते, "चाकांत हवा भरून ठेव गं. हवा गेली की टायर खराब होतात."

तुमच्या गावात अशी एखादी वाट असेल तर एकदा चालून बघा. भाच्याला मी बाकीचं सगळं फोनवर सांगितलं. तो येत्या रविवारी पुन्हा येतो आहे. या वेळी फोटो दाखवणार नाही, फावडं घेऊन ये म्हटलं आहे.

ता. क. — लेक विचारते आहे, उरलेली प्रदक्षिणा कधी? गुडघ्याला विचारून कळवते.